तक्रार नसलेला रुग्ण



आयुर्वेदाची पदवी घेऊन निघालेल्या तुमच्यापैकी कुणी गावात दवाखाना टाकेल, कुणी एमडीच्या प्रवेश परीक्षेला बसेल, कुणी खासगी रुग्णालयात रात्रपाळीचा आरएमओ होईल. आणि काही जण शालेय तपासणी पथकाच्या गाडीत बसून जिल्हा परिषदेच्या शाळा पालथ्या घालतील. मी या शेवटच्या वाटेबद्दल बोलणार आहे. नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली, दुसऱ्या कशातलं मला फारसं कळतही नाही.

केस पेपर कसा लिहायचा हे तुम्हाला घोटून शिकवलंय. सुरुवात प्रमुख तक्रारीपासून. शाळेत हा रकाना कोरा राहतो. समोरची नऊ वर्षांची मुलगी म्हणते, ‘मला काय नाय होत.’ ती खोटं बोलत नसते. फळ्यावरची अक्षरं तिला पहिल्यापासून धूसरच दिसतात, सगळ्यांना तशीच दिसतात असं तिला वाटतं. कान वाहणं हा तिच्या घरी आजार नव्हेच. पावसाळा आला की तो वाहतोच. खेळताना धाप लागून खाली बसणाऱ्या पोराला घरचे आळशी ठरवतात. कमी ऐकू येणारा मुलगा गुरुजींच्या लेखी ‘लक्ष न देणारा’. दवाखान्यात दुखणं स्वतः चालत येतं. इथे त्याच्या दारी तुम्ही जायचं, आणि ते आहे हेही तुम्हीच पटवायचं.

ही कल्पना कालपरवाची नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०९ मध्ये तिथे शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली; आपल्या देशातली ती पहिली मानतात. या दोन सालांचा क्रम मला फार आवडतो. मुलाला सक्तीनं वर्गात बसवायचं, तर त्याला दिसतं का, ऐकू येतं का, हे बघणं राज्यावर येतंच. पुढे १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीला मात्र देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ नाहीच असं आढळलं. मधली दशकं समित्यांची आणि अहवालांची, ती सोडून देते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. जन्मजात व्यंगं, आजार, पोषणातल्या उणिवा आणि विकासातला विलंब अशा चार गटांतले तीस विकार. वय शून्य ते अठरा. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शासकीय आणि अनुदानित शाळा एकदा. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक पुरुष आणि एक स्त्री. म्हणजे या गाडीतल्या दोन खुर्च्या तुमच्याच नावाच्या आहेत. जागा बहुतेक कंत्राटी असते, हेही आजच सांगते. नियुक्तीपत्र नीट वाचून सही करा.

आता जरा हाताचं काम. दृष्टीचा तक्ता रांगेतल्या मुलांना दिसेल असा टांगू नका. विसाव्या मुलाची पाळी येईपर्यंत शेवटची ओळ सगळ्या वर्गाला पाठ झालेली असते, आणि ज्याला दिसत नाही तोच ती सर्वांत खणखणीत म्हणून दाखवतो. ओळ उलटी वाचायला सांगा. डोळा बोटांनी झाकू देऊ नका, फटीतून बघतात. तळहात ठेवायला लावा. एक डोळा अधू असेल तर सात-आठ वर्षांच्या आत सापडलेला बरा. उपचार त्या वयात जितके लागू पडतात तितके नंतर पडत नाहीत. स्टेथोस्कोप लावायचा तर पाढे चाललेल्या वर्गात बसू नका, मुख्याध्यापकांची खोली मागून घ्या. हृदयातली मर्मर फार हळू बोलते.

आणि हजेरीपटावर गैरहजर कोण ते विचारा. हे कुणी शिकवत नाही. आलेली मुलं तपासली की रकाने भरतात, पण दुखणाईत पोर बरेचदा घरीच असतं. बीडकडच्या शाळा तर दिवाळीच्या आत उरकाव्या लागतात. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, त्यांच्या मागोमाग मुलं, आणि उन्हाळ्यापर्यंत ती कुठल्या फडावर आहेत हे शाळेलाही ठाऊक नसतं.

लोहाच्या गोळीचं एक. पाच ते दहा वयाला गुलाबी, पुढे निळी, आठवड्याला एक. खिचडी खाऊन झाल्यावरच द्या. उपाशी पोटी दिलीत तर एखाद्या मुलीला मळमळतं, तिला बघून शेजारचीला, आणि तासाभरात ‘गोळीनं पोरं मेली’ म्हणत अर्धं गाव फाटकाशी. अशा वेळी तुमची पदवी उपयोगी पडत नाही, आवाज पडतो. सावकाश बोला. शौचाला काळं होईल, घाबरू नका, हे आधी सांगून ठेवलंत तर निम्मा गोंधळ टळतो.

खरं काम तपासणीनंतर सुरू होतं, आणि माझ्या मते या नोकरीचं मोल तिथेच ठरतं. हृदयाला छिद्र असलेला मुलगा तुम्हाला सापडला. तुम्ही चिठ्ठी लिहिलीत, जिल्हा रुग्णालयात जा म्हणालात, आकडा वर गेला. चिठ्ठी दप्तरातच राहते. शस्त्रक्रिया मोफत होते हे बापाला खरं वाटत नाही. आजवर मोफत म्हणून जे मिळालं त्यात काहीतरी मेख होतीच. आईचा रोज बुडतो. आजी म्हणते, खेळतोय की पोर, कशाला कापताय? मुलीला चष्मा दिला तर तो पेटीत जातो, कारण चष्मेवालीचं लग्न कसं जमायचं? ही माणसं अडाणी नाहीत. आपल्या पोराला काही होतंय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, आणि ज्याची तक्रार केली नाही त्याच्यासाठी दोन दिवसांची मजुरी सोडायला तुम्ही सांगताय. म्हणून चिठ्ठीवर ‘पुढील तपासणीसाठी’ एवढंच खरडू नका. कुठल्या वारी जायचं, कुठल्या खोलीत, कुणाला भेटायचं, कुठले कागद न्यायचे, हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. जमलं तर चार-पाच मुलं एकाच दिवशी न्या, एकमेकांच्या सोबतीनं आईबाप तयार होतात.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेलात की नवी रांग लावण्याआधी गेल्या वर्षीची यादी काढा. चिठ्ठी दिलेलं एकेक नाव पुकारा. ज्यांच्या नावासमोर पुढे काहीच लिहिलेलं नसेल, त्यांच्या घरी संध्याकाळी, कामावरून माणसं परतल्यावर जा. गाडी तुमच्याकडे असतेच.