सतराव्या लेण्यातील माता आणि पुत्र



अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, गर्भगृहाच्या अलीकडील अंतराळात, भिक्षापात्र घेऊन दाराशी आलेल्या बुद्धासमोर एक माता आपल्या बालकासह उभी असल्याचे जे भित्तिचित्र आहे, आणि ज्यातील ती दोघे म्हणजे यशोधरा व राहुल होत असे सामान्यतः मानले जाते, त्या एकाच चित्रापुरते आजचे विवेचन मर्यादित ठेवण्याची अनुज्ञा मी आपणांकडे मागतो. अंगणाच्या भिंतीवरील शिलालेखात वाकाटक नृपती हरिषेणाचा उल्लेख असल्यामुळे हे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरते. कालनिर्णयाचा याहून सूक्ष्म वाद बाजूस ठेवून आपण भिंतीकडे वळू.

प्रथमदर्शनी जाणवते ती प्रमाणातील विषमता. बुद्धाची आकृती प्रचंड आहे, आणि तिच्यापुढे माता व पुत्र इतके लहान आहेत की, देहाच्या यथार्थ मापांची सवय झालेल्या प्रेक्षकास हे चित्रकाराचे अज्ञान वाटावे. परंतु ज्या लेण्यात विश्वंतर जातक आणि सिंहल अवदान यांतील राजवाडे, मंडप व माणसांची दाटी यथायोग्य मापांनी रेखाटलेली आहे, त्या लेण्यातील कलावंतांना प्रमाणाचे ज्ञान नव्हते, हे म्हणणे पुराव्यावर टिकणारे नाही. माझ्या मते ही विषमता बुद्धिपुरस्सर आहे: जो एके काळी पती आणि पिता होता, तो आता या दोघांच्या आवाक्यात उरलेला नाही, ही गोष्ट चित्रकाराने मुखावरील भावांच्या हवाली न करता मापाच्या हवाली केली आहे.

आता मातेच्या हाताकडे पाहावे. विनयपिटकातील कथेप्रमाणे कपिलवस्तूस परतलेल्या बुद्धाकडे तिने राहुलाला वारसा मागण्यास धाडले, आणि त्याला वारसा म्हणून प्रव्रज्याच मिळाली. मुलाच्या अंगावर टेकलेला तिचा हात त्याला पुढे सारतो आहे की धरून ठेवतो आहे, याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही, आणि तो करता येऊ नये अशीच त्या रेषेची योजना असावी असे मला मनापासून वाटते. तिची मान कललेली, दृष्टी वर लागलेली. मुलाचीही मुद्रा तशीच उन्नत. दोघांच्या बाह्यरेषा एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की ती जणू एकच आकृती भासते, आणि बुद्ध मात्र त्या आकृतीपासून अलग, स्वतःच्या रेषेत पूर्ण असा उभा आहे. त्या दोन आकृतींमधील मोकळी जागा हेच मला या चित्राचे केंद्र वाटते. कथेतील सारी घटना तेथेच घडायची आहे, आणि चित्रकाराने ती घडण्यापूर्वीच कुंचला थांबविला आहे.

रंगांविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. गेरू, पिवळी माती, काजळी ही द्रव्ये ठाऊक असली, तरी 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून पाचारण केलेल्या तज्ज्ञांनी भित्तिचित्रांच्या रक्षणार्थ लाखेचे वार्निश दिले, आणि ते पुढे पिवळसर पडले. तेव्हा अजिंठ्याच्या रंगांत जी तपकिरी ऊब आपणांस भावते, तिच्यातील काही अंश प्राचीन चित्रकाराचा नसून त्या वार्निशाचा असू शकतो. या कारणास्तव, सतराव्या लेण्यातील या चित्राचे मूल्यमापन करताना मी रेषा आणि प्रमाण यांवरच भिस्त ठेवतो.