दातांनी चाचपडणारा मेंदू



ज्ञानसत्राच्या पत्रिकेत उंदरावरचे व्याख्यान पाहून काहींनी नाक मुरडले असेल. पिकांची नासाडी आणि विषारी गोळ्या यांविषयी ऐकायला कोणी आले असतील, तर त्यांची निराशा होणार हे आम्ही आधीच सांगून टाकतो. आम्हांला बोलायचे आहे ते उंदराच्या मेंदूविषयी; आणि त्यातही जे उंदीर जन्मभर जमिनीखाली, काळोखात राहतात त्यांच्या मेंदूविषयी.

पूर्व आफ्रिकेत इथिओपिया, सोमालिया आणि केनिया या देशांच्या कोरड्या, टणक जमिनीत एक प्राणी राहतो. इंग्रजीत त्याला 'नेकेड मोल रॅट' म्हणतात; आपण त्याला 'उघडा उंदीर' म्हणू. र्‍युपेल या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. लांबी वीतभरही नाही, वजन साधारण तीस-पस्तीस ग्रॅम. अंगावर लव नाही. कातडी गुलाबी, सुरकुतलेली. डोळे मोहरीएवढे आणि जवळजवळ निरुपयोगी. शिवाय पटाशीचे चार दात ओठांच्या बाहेर! देखणेपणाच्या कोणत्याही कसोटीला हा प्राणी उतरणार नाही. पण १९८१ मध्ये जेनिफर जार्व्हिस या बाईंनी दाखवून दिले की, हे उंदीर मधमाश्यांसारखे राहतात. एका बिळात सत्तर-ऐंशी, क्वचित तीनशेपर्यंत प्राणी. त्यांत पिले घालणारी राणी एकच, बाकीचे कामकरी. एवढा लहान प्राणी तीस वर्षांहून अधिक जगतो, ही आणखी एक मौज.

दात ओठांबाहेर कशासाठी? तर हा उंदीर पायांनी नव्हे, दातांनी खणतो. ओठ दातांच्या मागे मिटतात, म्हणून कितीही माती कोरली तरी ती तोंडात जात नाही. खालचे दोन दात तो चिमट्याच्या पात्यांसारखे एकमेकांपासून दूर नेऊ शकतो. खणताना रांग लागते. पुढचा माती कुरतडतो, मागचे ती पायांनी मागे लोटत नेतात, आणि शेवटचा ती बिळाबाहेर उडवतो. रांगेतल्या प्रत्येकाला पुढे जितक्या चपळाईने धावता येते तितक्याच चपळाईने मागेही धावता येते. मागे धावताना दिशा कशी कळते? उघड्या म्हणवणाऱ्या या अंगावर काही थोडे लांब केस असतात, रांगांत मांडून ठेवल्यासारखे. त्यांपैकी एका केसाला काडी लावली, तर उंदीर नेमके त्या जागेकडे तोंड वळवतो, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हणजे हे केस ऊब देण्यासाठी नाहीत, चाचपण्यासाठी आहेत.

आता मेंदूकडे वळू. स्पर्शाचा संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूच्या बाह्य थरातील एका पट्ट्यात पोचतो. तेथे सर्व शरीराचा नकाशा असतो. पण तो मोठा पक्षपाती. मॉंट्रियल येथील शस्त्रवैद्य पेनफील्ड यांनी अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना हा नकाशा उलगडला. रोगी जागा असे, कारण मेंदूला स्वतःला वेदना नाही. पट्ट्याच्या एका बिंदूला विजेचा हलका स्पर्श केला की रोगी म्हणे, अंगठ्याला मुंग्या आल्या. दुसऱ्याला केला की ओठाला. १९३७ मध्ये त्यांनी आणि बोल्ड्री यांनी हे प्रसिद्ध केले. ओठ, जीभ आणि हाताची बोटे यांनी तेथे ऐसपैस जागा बळकावलेली, आणि सबंध पाठीला मात्र कोपरा! केंब्रिजच्या एड्रियन यांना पुढे डुकराच्या मेंदूत असाच प्रकार आढळला. तेथे नाकाडाचे राज्य. ज्या अवयवाने प्राणी जग पारखतो, त्याला जागा जास्त.

घरातल्या उंदराच्या बाबतीत तर हा नकाशा डोळ्यांना दिसतो. वूल्सी आणि व्हान डेर लूस या दोघांनी १९७० मध्ये उंदराच्या मेंदूचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा पेशींची लहान लहान पिंपे ओळीने मांडलेली दिसली. मिशांच्या जितक्या ओळी थोबाडावर, तितक्याच ओळी पिंपांच्या. एका मिशीला एक पिंप. १९७३ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. नुकत्याच जन्मलेल्या पिलांच्या मिशांची एक ओळ मुळासकट नष्ट केली. पिले वाढल्यावर पाहिले, तर मेंदूत नेमकी तीच ओळ उमटलेली नव्हती! मोठ्या उंदराच्या मिशा काढल्या तर पिंपे तशीच राहतात. म्हणजे हा नकाशा जन्मतः पुरता कोरलेला नसतो. शरीर तो काढते, आणि तेही पहिल्या काही दिवसांत.

उघड्या उंदराचा नकाशा पाहण्याचे काम २००२ मध्ये अमेरिकेतील व्हॅंडरबिल्ट विद्यापीठाचे कटानिया आणि रेंपल यांनी केले. प्राण्याला गुंगी देऊन मेंदूत केसासारखा बारीक विद्युदग्र बसवायचा, शरीरावर जागोजागी हळूच स्पर्श करायचा, आणि कोणत्या स्पर्शाला कोणती पेशी जागी होते ते टिपायचे. निघाले ते असे की, स्पर्शाच्या मुख्य पट्ट्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या पटाशीच्या दातांचा आहे. शिवाय इतर उंदरांत जो भाग दृष्टीचा असतो, त्यातही स्पर्शाने आपले बस्तान बसवले आहे.

दाताला कसला आला स्पर्श, असे कोणी विचारील. दाताचे टोक निर्जीव खरे. परंतु दात हिरडीखाली ज्या तंतूंत रोवलेला असतो, तेथे मज्जातंतूंची टोके दबा धरून बसलेली असतात. भातात वाळूचा एक कण आला तर तो जिभेला कळण्याआधी दाताला कळतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. उघड्या उंदराने या खड्याच्या ज्ञानावरच सगळा संसार मांडला आहे, एवढेच.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. वापर नाही म्हणून डोळे गेले आणि त्यांची जागा दातांनी घेतली, असे म्हणणे सोपे आहे. पण बापाने वापरले नाही म्हणून मुलाचे जात नाही. उघड्या उंदराच्या मेंदूतला हा फेरबदल असंख्य पिढ्यांच्या निवडीतून झालेला आहे. एका जन्मात काय होऊ शकते, हा प्रश्न निराळा. आणि आमच्या मते तोच आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

कारण माणसांतही काळोखात वाढणारी मुले आहेत. जन्मांध माणसाच्या मेंदूचा दृष्टीचा भाग ओसाड पडलेला असतो, अशी समजूत पुष्कळ काळ होती. १९९६ मध्ये सादातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, लहानपणीच अंध झालेला मनुष्य ब्रेल वाचू लागला की तोच भाग कामाला लागतो. पण कामाला लागतो म्हणजे उपयोगी पडतो असे नव्हे. खोलीत दिवा जळतो म्हणून तेथे कोणी अभ्यास करतो असे थोडेच आहे? १९९७ मध्ये कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीही शंका फेडली. डोक्याच्या मागच्या बाजूला चुंबकीय झटके देऊन त्या भागाचे काम क्षणभर विसकळीत केले, तेव्हा अंध वाचकांच्या ब्रेल वाचनात चुका होऊ लागल्या. डोळस लोकांना उठावाची अक्षरे बोटांनी वाचायला देऊन तेच केले, तर त्यांचे काही बिघडले नाही. १९९९ मध्ये त्याच गटाने वयाची चौदा वर्षे उलटल्यावर अंध झालेल्यांची पाहणी केली. त्यांच्यात हा प्रकार आढळला नाही. ही सीमारेषा तंतोतंत चौदाचीच आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण पिलांच्या मिशांची जी गोष्ट, तिच्याशी हिचे गोत्र जुळते.

अंध मुलाला आता फोन वाचून दाखवतो, पुस्तके ध्वनिमुद्रित मिळतात, मग ठिपक्यांचा खटाटोप कशाला, असे म्हणणारे सुशिक्षित पालक आम्हांला भेटतात. ऐकण्याची सोय उत्तमच. तिला आमचा विरोध नाही. पण ऐकून शब्दाचे शुद्धलेखन कळत नाही, गणिताची मांडणी कळत नाही, आणि मन लागेल तेथे थांबून मागे वळताही येत नाही. शिवाय बोट तयार होण्याचे वय वाट पाहत थांबत नाही. मुलाला थोडेफार दिसते, म्हणून ब्रेल पुढे ढकलणारे तर दुहेरी नुकसान करतात. डोळ्यांचे वाचन साधत नाही आणि बोटांचे सुरू होत नाही. लुई ब्रेल याने आपली लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. सहा ठिपक्यांच्या त्या चौकटीत आपली सगळी बाराखडी बसते, आणि ती चौकट लहान मुलाच्या बोटाच्या पेराखाली सहज मावते.