आजारी लेकराचे दत्तक पालकत्व आणि शुश्रूषेचे पाच गुण

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमातील भाषण)





तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपणासमोर चार शब्द मांडतो. मी वक्ता नाही आणि डॉक्टर तर नाहीच. मी कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब जुळवणे हे माझे काम. तरीही कार्यकारिणीने मला उभे केले, कारण आम्ही उभयतांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सिकलसेलचा आजार असलेली दीड वर्षाची मुलगी दत्तक घेतली. यात कौतुक करण्यासारखे फारसे नाही. आमच्या हातून सुरुवातीलाच एक मोठी चूक झाली. ती चूक आणि तिच्यापासून आम्ही काय शिकलो, हे सांगण्यासाठीच मी येथे आलो आहे.

मित्रहो, दत्तक लेकरू ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. सिद्धार्थाला मावशी महाप्रजापती गौतमीने वाढविले. राजगृहात उकिरड्यावर टाकलेले एक अर्भक अभय राजकुमाराने उचलून आणले व वाढविले. त्याच मुलाने पुढे तक्षशिलेला सात वर्षे वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि भगवंताचा व भिक्षुसंघाचा वैद्य म्हणून तो विख्यात झाला. तो जीवक. महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंतही डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी मिळून रोग्यांची सेवा केली. त्याच सेवेत सावित्रीबाईंना प्लेगने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आमच्याकडे वळतो. संस्थेतील बालक दत्तक घेण्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, यांच्याकडे नोंदणी करावी लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार हे काम चालते. त्यातील दुरुस्तीनुसार सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. आदेश होण्यापूर्वीही बालकाला दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी नेता येते. नंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्ते घरी येऊन पाहणी करतात. पालकांना बालकाचा वैद्यकीय अहवाल आधीच दाखविला जातो. तेव्हा आम्हांला कोणी फसविले नाही. आमच्या लेकीच्या अहवालात ‘सिकलसेल, एसएस’ असे स्पष्ट लिहिले होते. तिच्या दोन्ही हातांची बोटे सुजत असल्याने शिशुगृहाने तिची रक्ततपासणी करून घेतली होती.

हा आजार म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आपल्या तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात. या आजारात त्यांतील हिमोग्लोबिनच्या दोषामुळे त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. त्यामुळे रक्त कमी पडते. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना होतात. पाणथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होऊ लागल्यामुळे साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. कधी रक्त एकाएकी पाणथरीतच साचते, ती फुगते आणि मूल काही तासांत पांढरेफटक पडते. म्हणून डॉक्टरांनी आम्हांला तीन गोष्टी बजावल्या होत्या. औषध चुकवायचे नाही. रोज डाव्या बरगडीखाली हात लावून पाणथरी पाहायची. ताप १०१ च्या वर गेला की वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

हे सर्व आम्ही वहीत लिहून घेतले, आणि वही कपाटात ठेवली.

जानेवारी २०२३ मधील एका थंडीच्या रात्री तिला ताप आला. मी म्हणालो, “दात येत असतील. एवढ्या रात्री कुठे न्यायची? सकाळी पाहू.” तापाचे औषध दिले. ती मुळीच रडली नाही. आमच्याकडे पाहत गप्प पडून राहिली. आम्हांला वाटले, आराम पडला. पहाटे माझ्या पत्नीने दिवा लावला तर लेकीच्या ओठांचा रंग उडालेला, तळहात पांढरे आणि पोट टणक. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा पाणथरी चार बोटे खाली आली होती. तातडीने रक्त चढविले म्हणून ती वाचली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, “रोज पोट तपासता ना?” मी मान खाली घातली.

ती रडली का नाही, याचा उलगडा नंतर झाला. शिशुगृहातल्या बायांनी तिला प्रेमाने सांभाळले होते, पण त्यांच्या दोन हातांना कितीतरी लेकरे होती. प्रत्येक रडण्याला धावून जाणे कोणालाच शक्य नसते. रडून कोणी येत नाही, हे ज्या लेकराने एकदा शिकून घेतले ते दुखले तरी गप्प पडते. आमच्या घरी येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. आम्ही आई-बाप झालो आहोत हे कागदाला माहीत होते, तिला अजून माहीत नव्हते.

बंधू-भगिनींनो, दवाखान्यातील त्या आठ दिवसांत मला विनयपिटकातील एक प्रसंग वारंवार आठवला. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी घातले आणि आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. नंतर भिक्षूंना एकत्र बोलावून भगवंतांनी समजाविले की, तुमची शुश्रूषा करावयास येथे तुमचे आई-बाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? हे शब्द मी विद्यार्थीदशेत वाचले होते. आई-बाप नसलेल्या लेकराच्या उशाशी बसल्यावर ते मला कळले.

भगवंत तेवढ्यावर थांबले नाहीत. चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण त्यांनी सांगितले. आम्ही घरी त्या पाच गुणांचाच अभ्यासक्रम केला.

पहिला गुण, औषध तयार करता येणे. वाटते तितके हे सोपे नाही. पेनिसिलिन दिवसातून दोन वेळा, फॉलिक ॲसिड रोज, आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेले हायड्रॉक्सियुरिया. या शेवटच्या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात, पण रक्तातील पेशी ठरल्या वेळी मोजून घ्याव्या लागतात. ते हाताळल्यावर हात धुवावे लागतात. कपाटातली वही मी बाहेर काढली आणि बँकेच्या खातेवहीसारखे रकाने आखले: औषध, वेळ, ताप, पाणथरी, देणाऱ्याची सही. रात्री मेळ जुळल्याशिवाय झोपायचे नाही. आजवर त्या सात वह्या भरल्या आहेत.

दुसरा गुण, पथ्य काय व अपथ्य काय हे जाणणे, पथ्य देणे व अपथ्य दूर ठेवणे. रक्त कमी म्हटले की नातेवाईक प्रेमाने लोहाचे टॉनिक घेऊन येतात. परंतु हे रक्त लोहाच्या कमतरतेने कमी झालेले नाही. वारंवार रक्त चढविलेल्या मुलाच्या शरीरात लोह उलट साचते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते द्यायचे नाही. पाणी मात्र सतत पाजायचे. आपल्या नागपूरचा उन्हाळा अंगातले पाणी शोषून घेतो आणि हिवाळा रक्तवाहिन्या आखडतो. दोन्ही ऋतू तिचे वैरी आहेत. लसीकरण वेळेवर, न्यूमोकोकलची लस विसरायची नाही, आणि हिवतापापासून जपण्यासाठी मच्छरदाणी नेहमीची.

तिसरा गुण, मैत्रीभावाने शुश्रूषा करणे, लाभाच्या आशेने नव्हे. येथे मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आम्हांला लोक म्हणतात, “तुम्ही फार पुण्य कमावले.” हे शब्द मला टोचतात. लेकरू ही पुण्य जमा करण्याची ठेव नव्हे. उद्या हेच वाक्य तिच्या कानावर पडले तर ती आपल्याला उपकाराचे ओझे समजेल. काही जण विचारतात, “घ्यायचीच होती तर निरोगी का नाही घेतली?” त्यांना मी विचारतो, पोटच्या लेकराबरोबर निरोगीपणाची हमी येते काय?

चौथा गुण, मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस न येणे. याबाबत मी पुरुषांना विनंती करतो. हे काम पत्नीवर ढकलू नका. भगवंतांनी स्वतः पाणी घातले, तेथे आपण कोण? मी ओकाऱ्या पुसायला लागलो, त्या दिवसांपासून लेक माझ्याकडे झेपावू लागली. जो हात औषध देतो, सुई टोचताना धरून ठेवतो, त्याच हाताने नंतर थोपटले पाहिजे. नाहीतर तिच्या लेखी आपण म्हणजे फक्त दुखणे.

पाचवा गुण, रोग्याला धम्मकथेने धीर देणे. चार-पाच वर्षांच्या लेकराला कसली धम्मकथा, असे वाटेल. पण खरे सांगणे हीच तिची धम्मकथा आहे. तिला आम्ही सांगितले आहे की तू आमच्या पोटी जन्मली नाहीस, आम्ही तुला शोधत आलो. तुझ्या रक्तातल्या काही पेशी विळ्यासारख्या आहेत, म्हणून तू पाणी जास्त प्यायचे. सुईच्या आधी “दुखणार नाही” असे आम्ही म्हणत नाही. “थोडे दुखेल, बाबा इथेच आहे,” असे म्हणतो. तिला जीवकाची गोष्ट फार आवडते.

त्याच प्रसंगी भगवंतांनी शुश्रूषेस कठीण असा रोगीही सांगितला आहे. आपले दुखणे जसे आहे तसे न सांगणे, हे त्याचे एक लक्षण. आमची लेक तशीच होती, पण दोष तिचा नव्हता. दुखणे सांगितले तर कोणी ऐकते, याचा तिला अनुभव नव्हता. तो देणे आमचे काम होते. सात-आठ महिने आम्ही तिच्या प्रत्येक बारीक कुरकुरीला उठत गेलो. पुढे एका मध्यरात्री ती जोराने ओरडून रडली, “बाबा, पाय दुखते!” शेजारी जागे झाले. मी तिला छातीशी धरले आणि मलाही रडू आले, आनंदाने. ताप पाहिला, पोट पाहिले, वहीत वेळ लिहिली आणि पंधरा मिनिटांत आम्ही दवाखान्याच्या वाटेला लागलो होतो.

शेवटी समाजाविषयी दोन गोष्टी. हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, असे आपल्यातीलही काही जण कुजबुजतात. भगवंतांनी मोळिय सीवक या परिव्राजकाला सांगितले होते की, सर्वच वेदना पूर्वकर्मामुळे होतात असे मानणारे चुकतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणे त्यांनी एकेक करून सांगितली. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली. आपले दुःख कारणातून उपजते आणि कारण शोधता येते, ही आपली शिकवण आहे.

या आजाराचे कारणही माहीत आहे. विदर्भातील आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. वाहकाला घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते, म्हणून जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तेथे, आफ्रिकेपासून अरबस्तानापर्यंत, हा दोष टिकून राहिला. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसरा निर्दोष, तर मूल या आजाराचे रोगी होत नाही. वाहक माणूस सामान्य जीवन जगतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे. तपासणी सरकारी केंद्रांत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला माझी हात जोडून विनंती आहे. लग्नाची बोलणी सुरू होण्यापूर्वीच स्वतःचे रक्त तपासून घ्या, आणि अहवाल लपवू नका. रक्तदान करा. जानेवारीतील त्या पहाटे माझ्या लेकीच्या अंगात कोणा अनोळखी माणसाचे रक्त गेले. त्याची जात, धर्म, नाव मला माहीत नाही. आणि कोणाच्या मनात आजारी लेकरू दत्तक घेण्याचा विचार असेल, तर त्यांनी भावनेच्या भरात घेऊ नये. आधी डॉक्टरांकडे बसून सर्व शिकून घ्या, रजा किती, खर्च किती, दवाखाना किती दूर, याचा हिशेब मांडा. हिशेब मांडूनही मन मागे सरत नसेल, तर अवश्य पुढे या.

करुणा म्हणजे डोळ्यांत येणारे पाणी, असे मी पूर्वी समजत होतो. आज मला वाटते, करुणा म्हणजे रोज रात्री बरगडीखाली ठेवलेला हात. तो हात ठेवायला एक दिवसही विसरायचे नाही.

दवाखान्याची वेळ झाली आहे, लेक घरी वाट पाहत असेल. रजा घेतो.

नमो बुद्धाय. जयभीम!