दरोड्याची पिशवी आणि सियाचीनचा भत्ता

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तुम्ही फौजी माणूस, साठी ओलांडलेले. गुन्हेगारीच्या व्हिडिओ गेमवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न बरोबर आहे. पण मी राहतो बेंगळुरूत, आणि दरोड्याच्या खेळांचं या शहराशी नातं आहे. ते आधी सांगतो.

१९९७ साली राजेश राव यांनी इथे ध्रुव इंटरॅक्टिव्ह नावाची कंपनी काढली. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या गेम कंपन्यांपैकी ती एक. परदेशी खेळांसाठी गाड्या, माणसं, इमारती, हत्यारं इथे बसून घडवून द्यायची, हे तिचं मुख्य काम. २०१६ च्या अखेरीस स्वीडनच्या स्टारब्रीझ कंपनीने ती विकत घ्यायचं ठरवलं, सुमारे ८५ लाख डॉलरला. स्टारब्रीझ म्हणजे 'पेडे टू' या खेळाची कंपनी. चार मुखवटेवाले बँक लुटतात, तो खेळ. दोन वर्षांत स्टारब्रीझच बुडायला आली. एक मोठा खेळ आपटला, कोर्टाच्या देखरेखीखाली कारभार गेला आणि घरातली भांडी विकावीत तशा एकेक गोष्टी विकायला काढल्या. मे २०१९ मध्ये ध्रुव गेली सुमारे ७९ लाख डॉलरला, म्हणजे घेतली त्याहून कमी किमतीला. घेणारी कंपनी कोण? रॉकस्टार, 'ग्रँड थेफ्ट ऑटो'वाली. तिचा स्टुडिओ २०१६ पासून बेंगळुरूत होताच. थोडक्यात, एका दरोडेखोराकडून निघालेली कंपनी दुसऱ्या दरोडेखोराकडे पोचली. पडद्यावरचे दरोडेखोर म्हणतोय मी, उगाच नोटीस नको.

माझा भाचा याच क्षेत्रात काम करतो. रविवारी तो आणि त्याचे दोन मित्र येतात, चौथा गडी मी. भाच्याची एकच तक्रार असते, "मामा, तुम्ही आडोसा सोडतच नाही." अरे बाबा, सत्तावीस वर्षं पगार त्याचाच घेतला.

आता खेळाकडे येऊ. पेडे टूमध्ये कठीणपणाच्या सात पायऱ्या आहेत. नॉर्मल, हार्ड, व्हेरी हार्ड, ओव्हरकिल, मेहेम, डेथ विश आणि डेथ सेंटेन्स. पायरी चढली की मिळकत वाढते. नव्या खेळाडूची पहिली तक्रार ठरलेली: वरच्या पायरीवर लढाई झेपत नाही आणि खालच्या पायरीवर पैसा साठत नाही. पैसा नाही म्हणून चांगलं हत्यार नाही, हत्यार नाही म्हणून वरची पायरी नाही. आपल्याकडे नोकरीसाठी अनुभव आणि अनुभवासाठी नोकरी मागतात, तसाच प्रकार.

पण कठीण म्हणजे नेमकं काय होतं, हे बघितलं का तुम्ही? वरच्या पायरीवर समोरचा पोलीस जास्त गोळ्या खाऊन उभा राहतो आणि त्याची एकेक गोळी तुम्हाला जास्त लागते. शिवाय खास माणसं येतात. जाड चिलखतातला बुलडोझर, ढाल घेतलेला, विजेचा झटका देणारा, आणि अंधारातून येऊन एका लाथेत आडवा करणारा क्लोकर. म्हणजे कठीणपणा सगळा समोरच्याच्या अंगात.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. खऱ्या लढाईत समोरचा माणूस कठीण होत नाही. तुमच्या-आमच्यासारखंच त्याचं हाडामांसाचं शरीर असतं, एक गोळी त्याला पुरते. कठीण होता तुम्ही स्वतः. पाठीवरचं ओझं, चढ, थंडी, तीन रात्रींची राहिलेली झोप, कोरडा पडलेला घसा. ४ जुलै १९९९ ला १८ ग्रेनेडियर्सने टायगर हिल घेतलं, ते साडेसोळा हजार फुटांच्या वर आहे. तिथे रात्री कड्यावरून चढायचं आणि वर पोचल्यावर लढायचं. त्या उंचीवर दहा पावलं पळाल्यावर नेम धरून बघा. श्वास छातीत मावत नाही आणि बंदुकीचं टोक श्वासाबरोबर वरखाली होतं. हा कठीणपणा खेळात आणायचा तर पळाल्यावर पडदा हलला पाहिजे, कानात शिट्टी वाजली पाहिजे, बोटं थंडीने आखडून घोडा दाबला जायला नको. असा खेळ विकत कोण घेणार? म्हणून ते शत्रूला चिलखत चढवतात. त्यांचा धंदा आहे, मी दोष देत नाही. फक्त फरक ओळखून खेळा.

गोळ्यांचंही तसंच. इन्सास रायफलचं मॅगझिन २० फैरींचं असतं आणि तुम्ही जेवढी मॅगझिनं अंगावर न्याल तेवढीच तुमची. खेळात मेलेल्या पोलिसाजवळून चालत गेलं की गोळ्या आपोआप खिशात येतात. थोडा वेळ आडोशाला थांबलं की चिलखतही पुन्हा नवं होतं. ही सोय मला मिळाली असती तर माझी बढती लवकर झाली असती.

एक गोष्ट मात्र त्यांनी छान साधली आहे, ती म्हणजे पिशवी. लुटीची पिशवी खांद्यावर घेतली की तुमची चाल मंदावते, आणि सोन्याची असेल तर फारच मंदावते. मग ती फेकायची, पुढे जायचं, पुन्हा उचलायची. गोळीबार चालू असताना चौघांनी आठ पिशव्या गाडीपर्यंत न्यायच्या, हे मला खऱ्या कामाच्या सर्वांत जवळचं वाटलं. लढाई म्हणजे बहुतेक वेळा ओझी वाहणंच असतं. बँकांच्या तिजोरीतली सोन्याची एक प्रमाणित वीट साधारण साडेबारा किलोची असते. सिनेमात नायक अशा दोन विटा एका हाताने बॅगेत टाकतो, तेव्हा मी बायकोकडे बघतो आणि ती म्हणते, "आता काही बोलू नका."

दुसरी साधलेली गोष्ट म्हणजे निरपराध माणूस मारला गेला तर मिळकतीतून पैसे कापले जातात. सफाईवाल्याचा खर्च म्हणून. भाच्याचा एक मित्र बेफिकीरपणे गोळ्या झाडायचा. तिसऱ्या दरोड्यानंतर शहाणा झाला, कारण हिशोबात खड्डा दिसायला लागला. माझं मत विचाराल तर ही कापणी फारच कमी आहे. बंडखोरीच्या भागात ज्यांनी नोकरी केली त्यांना विचारा. एक चुकीची गोळी सुटली की चौकशी होते, ती व्हायलाच हवी. पण त्याहून मोठी किंमत म्हणजे ते गाव तुमच्यासाठी बंद होतं. चहा मिळत नाही, खबर मिळत नाही, मुलं हात हलवत नाहीत. आणि पुढच्या महिन्यात त्याच वाटेवर स्फोटकं पुरली जातात, तेव्हा सांगायला कुणी येत नाही.

आणि जखमी साथीदार. खेळात त्याच्याजवळ बसून बटण काही सेकंद दाबलं की तो उठतो. पकडला गेला तर ओलीस देऊन सोडवता येतो. खऱ्या डोंगरात एक जखमी खाली आणायचा तर स्ट्रेचरला निदान चार माणसं लागतात, चढउतारावर पाळी बदलायला आणखी चार. म्हणजे एका गोळीने एक नव्हे, पाच ते नऊ माणसं लढाईतून जातात, कित्येक तासांसाठी. कंपनी कमांडरचं निम्मं डोकं या गणितात अडकलेलं असतं. हे गणित ज्या खेळात येईल, त्याला मी कठीण म्हणेन.

आता पैशाचं बोलू. पायरी चढली की पैसा वाढतो, हा हिशोब खेळवाल्यांनीच काढला असं समजू नका. आपल्या सरकारकडेही तसा तक्ता आहे! सातव्या वेतन आयोगाने भत्त्यांसाठी नऊ घरांचा एक चौकोन सुचवला. एका बाजूला धोक्याच्या तीन पायऱ्या, दुसऱ्या बाजूला हालअपेष्टांच्या तीन. तुमची पोस्टिंग ज्या घरात पडेल, तो तुमचा भत्ता. आणि नऊ घरांच्या डोक्यावर दहावं, आरएच-मॅक्स. ते सियाचीनचं. २०१७ मध्ये तिथे जवान आणि जेसीओंना महिना ३०,००० रुपये आणि अधिकाऱ्यांना ४२,५०० रुपये ठरले. थंडी मात्र दोघांना सारखीच वाजते, हे मी अधिकारी असूनही म्हणतो.

आता तुलना करा. बेंगळुरूत बऱ्या वस्तीत दोन खोल्यांचं भाडं तीस हजारांच्या घरात जातं. आरएच-मॅक्सवर महिनाभर जीव टांगणीला लावून २०१७ च्या दराने जवानाला तेवढं मिळायचं. खेळात डेथ सेंटेन्सवर अर्ध्या तासात लाखो डॉलर. माझ्याकडे अग्निवीर भरतीसाठी सल्ला मागायला मुलं येतात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूरकडची असतात, काही इथेच कामाला आलेली. त्यातला एखादा म्हणतो, "सर, माझा नेम पक्का आहे, मी रोज खेळतो." मी त्याला सांगतो, नेम नंतर बघू, आधी १,६०० मीटर पळून दाखव. आणि महिन्याला हातात किती येणार, चार वर्षांनी काय, हे कागदावर लिहून आण. दुसऱ्या वेळी कागद घेऊन येतो त्याला मी वेळ देतो.

पेडेची आणखी एक गंमत. लुटीतला मोठा हिस्सा परदेशातल्या खात्यात जातो. आकडा दिसतो, पण हत्यारं घ्यायला तो चालत नाही. आमच्या डीएसओपी फंडासारखं. कागदावर श्रीमंत आणि महिनाअखेरीला उधारी.

ग्रँड थेफ्ट ऑटोच्या पाचव्या भागात, जो सप्टेंबर २०१३ ला आला, पैशाचा विचार जास्त चतुर आहे. तिथे मूळ कथेत कठीणपणाची पायरी निवडायची सोय नाही. तीनदा अपयश आलं तर तो तुकडा सोडून पुढे जाता येतं. पण मोठ्या दरोड्याआधी टोळी निवडावी लागते. स्वस्त माणूस कमी वाटा मागतो आणि ऐन वेळी घात करतो. दागिन्यांच्या दुकानाच्या कामात स्वस्त बंदूकवाला घेतला तर तो परतीच्या वाटेवर मरतो आणि पिशवी हातची जाऊ शकते. महाग माणूस मोठा वाटा घेतो, काम चोख करतो. घर बांधताना मिस्त्री निवडताना हेच होतं. शिवाय लेस्टर नावाचं पात्र खून करायला लावतं आणि त्याआधी शेअर घेऊन ठेवले तर बंदुकीपेक्षा बाजारात जास्त कमाई होते. खरी कमाई कुठे असते, ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

याच खेळाच्या ऑनलाइन भागात शार्क कार्ड विकतात. खरे रुपये द्यायचे, खोटे डॉलर घ्यायचे. उलटं होत नाही. तो पैसा बाहेर काढता येत नाही. आईवडिलांनी इथे गोंधळ करू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. बेंगळुरूतल्या काही कंपन्यांचा धंदाच त्यावर होता. पेडे किंवा ग्रँड थेफ्ट ऑटो त्यात येत नाही, कारण तिथे जिंकून हातात काही पडत नाही. तिथे खिसा हळूहळू रिकामा होतो, एवढंच. तेव्हा मुलाच्या फोनवर कोणतं कार्ड जोडलं आहे, तेवढं बघा.

खऱ्या दरोड्याचं विचाराल तर तेही याच शहरात झालं. १९ नोव्हेंबर २०२५, जयनगरचा अशोक पिलर. एटीएमची रोकड नेणारी गाडी अडवली, आपण सरकारी अधिकारी असल्याचं सांगितलं, डेअरी सर्कलच्या उड्डाणपुलावर माल दुसऱ्या गाडीत घातला आणि पसार. ७ कोटी ११ लाख रुपये. सगळ्या नोटा पाचशेच्या धरल्या तरी वजन एकशे चाळीस किलोच्या पुढे जातं, म्हणजे पिशव्यांची गोष्ट खरीच. पण बुलडोझर आला नाही, क्लोकर आला नाही, पोलिसांच्या लाटाही आल्या नाहीत. आले ते कॅमेऱ्यांची चित्रं आणि फोनच्या नोंदी तपासणारे. काही दिवसांत माणसं पकडली गेली, बहुतेक रक्कम परत मिळाली. पकडलेल्यांत एक पोलीस शिपाई होता आणि रोकड नेणाऱ्या कंपनीचा एक जुना नोकर. खेळात ही पायरीच नाही. दरोडा संपला, गाडी निघाली, पैसे जमा झाले की खेळ संपतो. खऱ्यात तिथून सुरू होतो, आणि पैसा सांभाळणं हेच सर्वांत अवघड काम असतं.

एकाने विचारलंय, "सर, तुम्ही स्वतः कोणत्या पायरीवर खेळता?" हार्डवर. नॉर्मलवर पोलीस हवेने पडतात, मजा नाही. ओव्हरकिलपासून पुढे एका माणसाला अर्धं मॅगझिन लागतं, ते मला पटत नाही. हार्डवर आडोसा धरला, साथीदाराची पाठ राखली आणि पिशव्या नीट वाहिल्या तर चौघं जिवंत परत येतात. भाचा म्हणतो, पैसे कमी मिळतात. मिळू देत. त्याला चहा मीच पाजतो.