"त्याच्या पोटात काय हाय, ते दाखव!"

(केळापूर तालुक्यातील बचत गटांच्या मेळाव्यात पांढरकवडा येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी इथलीच मुलगी. पांढरकवड्याच्या शाळेत शिकले, पुढे बाहेर पडले आणि आता बारा वर्षं पुण्यात प्रोग्रामर म्हणून नोकरी करते. कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय छापलाय 'मुक्त सॉफ्टवेअर आणि स्त्रिया'. सकाळी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलंच, "पोरी, आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. आम्हाले याचं का करायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते. ती ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

माझी आई सातवी शिकलेली. गावातल्या बचत गटाची ती सचिव होती. गटाचा हिशेब ती लाल कव्हरच्या वहीत ठेवायची. गटाचा ठराव असा होता की कर्जावर महिना दोन टक्के व्याज, पण ते उरलेल्या मुद्दलावर. म्हणजे एखादीनं १०,००० रुपये घेतले आणि दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याला व्याज २००, दुसऱ्या महिन्याला ९,०००वर १८०, मग १६०, असं करत शेवटी २०. दहा महिन्यांचं मिळून व्याज झालं १,१००.

एके वर्षी एका संस्थेनं गटांचे हिशेब कॉम्प्युटरवर घेतले. छापील कागद यायला लागले. बाया खूश झाल्या, आईसुद्धा. पण एका बाईचं कर्ज फिटलं तेव्हा आईच्या वहीत व्याज होतं १,१०० आणि कागदावर २,०००. कॉम्प्युटरनं दर महिन्याला पूर्ण दहा हजारांवरच व्याज लावलं होतं. आईनं हिशेब घेऊन बसणाऱ्या मुलाला वही दाखवली. तो म्हणाला, "काकू, कॉम्प्युटर चुकत नसतो." आई म्हणाली, "बाबू, चुकत नसन तर मंग त्याच्या पोटात काय हाय, ते दाखव!"

त्याला ते दाखवता येईना. तो वाईट मुलगा नव्हता. पण ज्या माणसानं तो प्रोग्राम लिहिला तो केव्हाच सोडून गेला होता आणि संस्थेकडे फक्त चालणारा प्रोग्राम होता, त्याचं मूळ लेखन नव्हतं. चूक कुठं आहे ते बघायची सोय नव्हती आणि दुरुस्त करायचीही नव्हती. त्या बाईच्या नावावर ९०० रुपये थकीत दिसत राहिले. थकबाकीदार म्हणून तिचं पुढचं कर्ज अडलं. नवरा गेलेली बाई, जून महिना, पेरणी तोंडावर. शेवटी तिनं सावकाराकडून पैसे उचलले. गट पुन्हा आईच्या वहीवर आला, पण तोवर त्या बाईचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. मला कळत होतं की ही चूक एका ओळीची आहे. ती ओळ समोर आली असती, तर पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती. पण ओळ कुलपात होती. मैत्रिणींनो, माझा सगळा विषय एवढाच आहे. त्या कुलपाचा.

प्रोग्राम माणूसच लिहितो. 'उरलेल्या मुद्दलाचे दोन टक्के काढ' अशासारख्या, माणसाला वाचता येतील अशा ओळींत लिहितो. त्याला सोर्स म्हणतात. मग कंपायलर नावाचं एक हत्यार त्या ओळींचं यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करतं. अशा तऱ्हेच्या कामाची सुरुवात १९५२च्या सुमाराला एका बाईनं केली, ग्रेस हॉपर त्यांचं नाव. आकड्यांतलं रूप यंत्राला समजतं, आपल्याला वाचता येत नाही. बहुतेक कंपन्या आपल्याला विकतात ते हे आकड्यांतलं रूप. मूळ ओळी स्वतःकडे ठेवतात.

तुम्ही कापूस पिकवणाऱ्या बाया आहात. तुम्हाला सरकीचं उदाहरण पुरेल. पूर्वी घरच्या कापसाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता यायची. शेजारणीला पायलीभर देता यायची. संकरित बियाणं आलं आणि पाकीट दरवर्षी विकत घेणं आलं, कारण संकरित झाडाची सरकी पेरली तर तेच पीक हाती लागत नाही. २००१ साली झालेल्या कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. पण राखण्याजोगं बियाणंच हातात नसेल, तर हक्क कागदावर राहतो. बंद सॉफ्टवेअर हे असं पाकीट आहे. मुक्त सॉफ्टवेअर ही घरची सरकी.

हा विचार कुठून आला? अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर होते. तिथल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी स्वतः सुधारला होता. नव्याचा सोर्स मागितला तर मिळाला नाही. बघा, माझ्या आईचीच गोष्ट! १९८३ साली त्यांनी जाहीर केलं की मी सगळ्यांना वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल असं सॉफ्टवेअर लिहिणार. १९८९ साली त्यासाठी परवान्याचा मसुदा केला. त्याची अट साधी होती: घ्या, बदला, विकासुद्धा, पण पुढे द्याल तेव्हा मूळ ओळींसकट द्या, पुढच्यालाही तोच हक्क द्या. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स लिहायला घेतलं. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच लिनक्स आहे.

लिनक्ससारखी मोठी नावं सगळे घेतात. पण आम्हा प्रोग्रामर लोकांचं रोजचं काम चालतं ते लायब्ऱ्यांवर. लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकांची खोली नव्हे. एखादं नेमकं काम करणारा, लिहून तयार ठेवलेला तुकडा. तारखा मोजणारा, नोंदी साठवणारा, कुलूप लावणारा. मी दही लावते तेव्हा विरजण स्वतः शोधून काढत नाही, शेजारणीकडून चमचाभर आणते. शेजारणीचं दही त्यानं संपत नाही. लायब्ररीचं तसंच. एसक्यूलाइट नावाची लायब्ररी २००० सालापासून आहे. तिच्यावर कुणाचीच मालकी ठेवलेली नाही. तुमच्या फोनमधल्या कितीतरी नोंदी तीच सांभाळते. आणि गिट नावाचं एक हत्यार आहे, २००५ सालचं. ते आपल्या ठराव बुकासारखं आहे. कोणती ओळ कुणी, केव्हा, कशासाठी बदलली, सगळं त्यात राहतं. गुपचूप आकडा बदलायची सोय नाही.

आता अगदी आपलं उदाहरण देते. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्याला. फरक आहे तो र कसा काढायचा एवढाच. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द या र शिवाय लिहिताच येत नाही आणि आपल्या जिल्ह्यात तर तो किती वेळा लिहावा लागतो! हा अर्धा र पडद्यावर नीट उमटावा म्हणून हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी राबते. फारसीत त्या नावाचा अर्थ 'उघडी अक्षरं' असा. मूळच्या इराणमधल्या बेहदाद इस्फहबोद या प्रोग्रामरनं ती वाढवली. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रे ऑफिस, सगळीकडे ती आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीचा मराठी टाइप वेगळा असायचा. एकीत लिहिलेलं पत्र दुसरीत उघडलं की नुसते किडेमुंग्या दिसायचे. युनिकोड आलं, आणि २००४ साली रेड हॅट कंपनीनं 'लोहित' सारखे टाइप मोकळे सोडले, तेव्हा ही कटकट बरीच कमी झाली. इराणी माणसानं वाढवलेल्या लायब्ररीतून केळापूरच्या शेतकऱ्याचा र उमटतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण कुलपाचा प्रश्न नुसत्या पैशांचा आणि अक्षरांचा नाही, शरीराचाही आहे. अमेरिकेतल्या वकील कॅरन सँडलर यांचं हृदय आजारी आहे. छातीत एक यंत्र बसवलेलं आहे, हृदय थांबायला लागलं तर झटका देऊन सुरू करणारं. त्यांनी कंपनीकडे मागणी केली, माझ्या शरीरात जो प्रोग्राम चालणार तो मला वाचायला द्या. मिळाला नाही. पुढे त्या गरोदर राहिल्या. गरोदरपणात बाईची छाती धडधडते. ही साधी गोष्ट. पण यंत्राला वाटलं की हृदय बिघडलं, आणि त्यानं त्यांना विनाकारण झटके दिले. अशी यंत्रं बसवलेल्यांत म्हाताऱ्या पुरुषांची संख्या मोठी, गरोदर बाया अगदी थोड्या. बाईचं शरीर हिशेबात धरलंच नव्हतं. आणि दुरुस्त करायची ओळ कुलपात! माझ्या आईला ९०० रुपयांनी जे कळलं, ते या बाईला छातीवरच्या झटक्यांनी कळलं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सगळं गोडच आहे. तसं नाही. आपण स्त्री चळवळीतल्या बाया, घरातलं उणं झाकायची आपल्याला सवय नको.

पहिलं उणं हे की मुक्त म्हणजे फुकट, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. २०१४ साली ओपनएसएसएल या लायब्ररीत मोठं भोक सापडलं. जगातल्या बँका आणि दुकानं तिच्या कुलपावर विसंबून होती. ती सांभाळणारे मात्र मूठभर लोक, आणि तिला वर्षाला देणग्या मिळत सुमारे २,००० डॉलर. २०२४ साली एक्सझेड नावाच्या लायब्ररीचं उघड झालं. ती वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. मदतीच्या मिषानं कुणीतरी खोट्या नावानं आत शिरलं आणि चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपलं यंत्र अर्धा सेकंद उशिरा उत्तर देतंय असं जाणवलं, त्यानं छडा लावला म्हणून जग वाचलं. ओळी उघड्या होत्या म्हणून छडा लागू शकला, हे खरं. पण थकलेल्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, हेही खरं. सगळं घर जिच्यावर उभं, तिला कुणी विचारत नाही, ती आजारी पडली की मग धावपळ. ही गोष्ट आपल्याला नवी आहे का?

दुसरं उणं बायांचं. फावल्या वेळात लिहायचं तर फावला वेळ हवा. तो कुणाकडे असतो? नोकरीवरून आल्यावर माझ्या पुरुष सहकाऱ्यांना रात्रीचे दोन तास मिळतात, मला पोळ्या आणि पोराचा अभ्यास मिळतो. २०१७ साली गिटहबनं या क्षेत्राची पाहणी केली. उत्तर देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष होते, बाया ३ टक्के. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एकूण पाहता बायांनी सुचवलेल्या दुरुस्त्या पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या जातात. पण बाई प्रकल्पात नवी असेल आणि ती बाई आहे हे कळत असेल, तर ते प्रमाण घसरतं. काम तेच, नाव बदललं की नजर बदलते. आणि ज्यांनी हा विचार मांडला त्या स्टॉलमन यांना २०१९ साली लैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणावरच्या विधानांमुळे पदं सोडावी लागली. २०२१ साली ते संघटनेच्या मंडळावर परतले, तेव्हा खूप जणांनी निषेध केला. विचार मोठा असला तरी माणसाला जाब विचारायचाच.

म्हणून बायांनी स्वतःची वाट काढली. २००६ साली ग्नोम प्रकल्पानं उन्हाळ्यापुरता स्त्रियांसाठी उपक्रम केला. मरीना झुराखिन्स्काया यांनी तो पुढे वाढवला आणि त्यातून 'आउटरीची' उभी राहिली. त्यात तीन महिने मुक्त सॉफ्टवेअरचं काम शिकवतात आणि त्या कामाचे पैसे देतात. पैसे देतात, हे मी मुद्दाम दोनदा सांगते. सेवा म्हणून राबायला बायांना आजवर कुणी नको म्हटलेलं नाही.

आता घरी जाताना काय न्यायचं? तीन गोष्टी.

एक. तुमच्या गटाला कुणी प्रोग्राम देऊ केला, तर आधी तीन प्रश्न विचारा. मूळ ओळी गटाला किंवा संघाला मिळणार का? आमच्या नोंदी दुसरीकडे नेता येतील अशा साध्या रूपात काढता येतील का? तुम्ही गेलात तर दुरुस्ती कोण करणार? उत्तरं ठराव बुकात लिहून त्यावर सही घ्या.

दोन. वही सोडू नका. कॉम्प्युटर असो नसो, दर महिन्याला एका कर्जाचा हिशेब हातानं करून ताडून पाहा.

तीन. मुलींना नुसतं टायपिंग शिकवून थांबू नका. लिब्रे ऑफिस, लिनक्स, पायथन हे सगळं विनामूल्य मिळतं. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत, दहा-दहा मिनिटांचे. आमच्या गावच्या गटासाठी मी हिशेबाचा छोटा प्रोग्राम पायथन आणि एसक्यूलाइटवर लिहिला. व्याजाच्या त्या ओळीच्या वर मराठीत लिहून ठेवलंय, 'व्याज उरलेल्या मुद्दलावर, गटाच्या ठरावाप्रमाणे.' गावातल्या बारावीच्या दोघी मुली ती ओळ वाचतात. मागच्या दिवाळीत त्यांनी माझीच एक चूक काढली. हप्ता उशिरा आला की माझा प्रोग्राम एक महिना जास्त धरायचा. मला राग आला नाही. आईला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "आता झाला हिशेब खरा."

त्या बाईचं कर्ज पुढे सावकाराकडून सुटलं. मेळाव्याला त्या आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचं नाव मी घेणार नाही. पण पुढच्या वेळी कुणी तुम्हाला "कॉम्प्युटरमध्ये तसंच दिसतंय बाई" म्हणालं, तर त्यांची आठवण ठेवा आणि उठून विचारा: त्याच्या पोटात काय आहे, ते दाखवा.