मापे उरली, हुन्नर गेला
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी उभा जन्म शाळेत काढला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सुई हाती धरली ती केवळ वडिलांच्या धाकाने. अशा माणसाने धंद्याविषयी बोलावे हा अधिकप्रसंगच होय. परंतु माझ्या मनात एक शल्य आहे. ते आपणांपुढे मोकळे करावे म्हणून मी उभा राहिलो आहे.

माझे थोरले बंधू तालुक्याच्या गावी कोट शिवीत. वाकड्या खांद्याचा माणूसही त्यांच्या कोटात सरळ दिसे. ते निवर्तले तेव्हा कपाटात मापांच्या ३७ वह्या निघाल्या. कोणाची छाती किती, बाही किती, सारे टिपलेले. परंतु तो खांदा ते कसा बेतीत, मुंढ्याला किती सैल ठेवीत, याविषयी एक ओळ नाही. पुतण्याने दोन वर्षे दुकान रेटले, मग कुलूप लावून तो शहरात एका गुदामात नोकरीस लागला. मापे उरली, हुन्नर गेला. तयार कपड्यांनी आपला धंदा बुडविला असे आपण म्हणतो, व ते बरेचसे खरेही आहे. परंतु आपल्या हाताची थोरवी आपण कोणाला कधी सांगितलीच नाही, हा आपला वाटा कोणी मोजावा?

आता एक परदेशची हकीकत ऐका. लंडनमध्ये सॅव्हिल रो नावाचा रस्ता उंची शिंपीकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील अँडरसन अँड शेपर्ड या पेढीत काम केलेले थॉमस मॅहन नावाचे एक शिंपी पुढे स्वतंत्र धंदा करू लागले. २००५ साली, ह्यू मॅक्लाउड या व्यंगचित्रकाराच्या साह्याने, त्यांनी ‘इंग्लिश कट’ नावाचा ब्लॉग सुरू केला. ब्लॉग म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर ठेवलेली उघडी वही. ताजे टिपण वर, जुने खाली; मराठीत त्यास अनुदिनी असा गोड शब्द आहे. या वहीत मॅहन यांनी जाहिरातीची भाषा वापरली नाही. सूट कसा बेतला जातो, हाताचे काम कोठे लागते, किंमत इतकी का पडते, हे त्यांनी साध्या शब्दांत लिहिले. परिणाम असा झाला की समुद्रापलीकडील अमेरिकेतूनही गिऱ्हाईक त्यांच्याकडे येऊ लागले. वाचणाऱ्यास कारागीर कळला, आणि कळलेल्या माणसावरच विश्वास बसतो.

कोणी विचारील, एवढ्या अफाट जाळ्यात आपली वही रोज कोण उघडून पाहणार? याच अडचणीवर ‘फीड’ ही युक्ती आहे. १९९९ साली नेटस्केप कंपनीने तिचा आरंभीचा नमुना काढला. आरएसएस या नावाने ती ओळखली जाते. आपण मासिकाची वर्गणी भरतो, मग अंक घरपोच येतो. तसेच हे समजावे. ब्लॉगबरोबर एक ठरावीक साच्याची यादी असते. तीत प्रत्येक नव्या टिपणाचे शीर्षक, तारीख व पत्ता नोंदलेला असतो. वाचकाचा संगणक ती यादी अधूनमधून तपासतो आणि नवे काही आले की त्याच्यापुढे ठेवतो. वाचकाला आपला पत्ता कोणास द्यावा लागत नाही, आणि नको वाटेल त्या दिवशी तो वर्गणी बंद करू शकतो. म्हणून जो राहतो तो मनापासून राहतो. व्यापाऱ्याला याहून मोलाचे गिऱ्हाईक कोणते?

आपल्या मनातील दोन शंका मी ओळखून आहे. पहिली अशी की, हुन्नर उघडा केला तर दुसरा तो उचलील. बंधूंनो, शाळेत मी चाळीस मुलांना एकच अक्षर गिरवून दाखवीत असे. चाळिसांचे हस्ताक्षर कधी एक झाले नाही. वाचून खांदा बसविता येत नाही. मात्र वाचल्याने चांगला खांदा ओळखता येतो, आणि ओळखणारा मनुष्यच त्याचे दाम देतो.

दुसरी शंका अशी की, आज लोक मोबाईलवरील मोठ्या कंपन्यांच्या पानांवर जातात. मग स्वतःची वही कशाला? तेथेही जावे, माझा विरोध नाही. परंतु तो दुसऱ्याचा ओटा आहे, हे विसरू नये. गूगल कंपनीने २००५ साली फीड वाचण्याचे एक साधन काढले. असंख्य लोक त्यावर विसंबले, आणि १ जुलै २०१३ रोजी कंपनीने ते बंद केले. ज्यांची वही स्वतःच्या जागी होती, त्यांचे लिखाण शाबूत राहिले. वाचकांनी दुसरे साधन धरले. फीडची रीत आजही जिवंत आहे. ध्वनिमुद्रित कार्यक्रम, ज्यांना पॉडकास्ट म्हणतात, ते आजही बहुतांशी तिच्याच आधाराने ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतात.

मी भूल घालीत नाही. दोन टिपणे लिहून तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभे राहणार नाही. शिलाई कच्ची असेल तर लिखाणाने ती पक्की होत नाही. उलट दुर्लौकिक मात्र दूरवर जातो. आणि तारखेला कपडा न देण्याची आपली जुनी खोड कोणतीही वही झाकू शकणार नाही!

तेव्हा माझी विनंती एवढीच. संस्थेने स्वतःच्या नावाची जागा घ्यावी. प्रत्येक दुकानाने आठवड्यास एक टिपण द्यावे, मग ते काजाविषयी असो, अस्तराविषयी असो, की नऊवारीवरच्या चोळीविषयी. ज्या वडीलधाऱ्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी सांगावे. पुढल्या रविवारपासून वही-पेन्सिल घेऊन मी त्यांच्या ओट्यावर येईन. तरुणांनी ते संगणकावर चढवावे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शुद्धलेखन घातले. आता माझ्या वडीलधाऱ्यांनी मला घालावे.

बंधूंच्या त्या वह्या मी जपून ठेविल्या आहेत. त्यांत जे लिहावयाचे राहून गेले, ते आपल्यापैकी कोणाच्या हातात अजून असेल. तो हात चालता आहे तोवर ते कागदावर येऊ द्या, इतके बोलून मी आपली रजा घेतो.