देवासची शिरगणती आणि मातृभाषेचा रकाना

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाची संहिता)



शहराची लोकसंख्या हा विषय ग्रंथालयाच्या व्यासपीठावर काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. शिरगणतीचे आकडे सरकारदप्तरी असतात आणि साहित्यप्रेमी मंडळी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. परंतु गावात कोण राहते, कोण आले, कोण गेले आणि घरात कोणती भाषा बोलली जाते, यावरच तेथील मराठी ग्रंथालयाचे भवितव्य शेवटी अवलंबून असते. या दृष्टीने माळव्यातील देवास शहराचा विचार उद्बोधक ठरेल.

बाजीराव पेशव्यांच्या माळव्यातील मोहिमांबरोबर आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंची सत्ता १७२८ च्या सुमारास देवास येथे स्थापन झाली. पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदू लागली. दोन राजवाडे, दोन दरबार आणि दोन दप्तरे; दप्तरे दोन म्हटली की कारकूनही दोन आलेच. चामुंडेच्या टेकडीखालच्या या लहानशा गावात मराठी घरांची वस्ती झाली ती या कारभाराच्या आश्रयाने. सभोवतालची प्रजा मात्र माळवी बोलणारी होती. मराठी ही येथे बहुसंख्यांची भाषा कधीच नव्हती. ती दरबाराची, दप्तराची आणि देवघराची भाषा होती.

१९०१ च्या शिरगणतीत देवासची लोकसंख्या १५,४०३ भरली. २००१ मध्ये ती २,३१,६७२ आणि २०११ मध्ये २,८९,५५० झाली. एकशे दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सुमारे पाचपट झाली. देवासची जवळजवळ एकोणीसपट. शहराच्या हद्दी दरम्यान वाढल्या हे लक्षात घेतले, तरी ही वाढ केवळ जन्ममृत्यूंच्या फरकाने होणारी नव्हे. २००१ ते २०११ या दशकात मध्य प्रदेशाची वाढ सुमारे २० टक्के होती, तर देवास शहराची २५ टक्के. माणसे बाहेरून येत होती, हाच याचा सरळ अर्थ.

ती का आली, याचे उत्तर कारखान्यांत आहे. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, १९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि दरबारी नोकरीचा आधार संपला. आग्रा-मुंबई रस्त्यावरचे ठिकाण आणि इंदूरचे सान्निध्य यांमुळे पुढे येथे उद्योग आले. १९७० नंतरच्या दशकात नोटांचा सरकारी छापखाना उभा राहिला. यंत्रसामग्री, कातडी माल आणि औषधे यांचे कारखाने निघाले. जे गाव पूर्वी संस्थानिकांच्या पदरी होते, ते आता पाळीच्या भोंग्यावर उठू लागले.

वाढीची किंमतही शहराने मोजली. जुने तलाव दुर्लक्षिले गेले, विंधनविहिरी खोल खोल गेल्या आणि १९९० मध्ये इंदूरहून आगगाडीने पाणी आणण्याची पाळी आली. लोकसंख्येचा आकडा कागदावर वाढतो तेव्हा तो घागरीच्या रांगेतही वाढतो, याचा हा धडा होय.

या वाढीत मराठी माणसाचे स्थान कोणते? येथे संख्या आणि प्रमाण यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. देशात मराठी मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये सुमारे ७.१९ कोटी होते, २०११ मध्ये ८.३० कोटी झाले. तरीही एकूण लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ टक्क्यांवर आले. देवाससारख्या शहरात जुन्या घरांची संख्या कायम राहिली, तरी भोवतालचे शहर वाढत गेल्याने त्यांचा वाटा आपोआप आकसतो. त्यात शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुले इंदूर, पुणे, मुंबई गाठतात. बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा या सीमेलगतच्या जिल्ह्यांत मराठी खेड्यापाड्यांतून, शेतीभातीतून रुजलेली आहे. देवासच्या मराठीला तसे शेत नाही. तिची मुळे घरात आहेत, आणि घराखेरीज ग्रंथालयात.

मातृभाषेच्या रकान्याचे महत्त्व यासाठीच. शिरगणतीच्या व्याख्येनुसार मातृभाषा म्हणजे बालपणी आईने ज्या भाषेत बोलणे केले ती भाषा. शाळेची, बाजाराची किंवा कचेरीची भाषा तेथे अपेक्षित नाही. इतर ज्ञात भाषांसाठी स्वतंत्र रकाना आहे. तरीही घरोघरी गणक येतो तेव्हा व्यवहार सगळा हिंदीतून चालत असल्याने अनेक कुटुंबांत सहजपणे ‘हिंदी’ असे उत्तर दिले जाते. त्यात हिंदीविषयी द्वेष नसतो, मराठीविषयी अनास्थाही नसते. केवळ बेफिकिरी असते. पण राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींचा निर्देश आहे. अशी सोय मागायची, तर मागणाऱ्यांची गणना तरी झालेली असावी लागते.

मात्र नुसत्या गणनेने भाषेचे मोजमाप पुरे होत नाही, हेही देवासच शिकविते. पंडित कुमार गंधर्व मूळचे बेळगाव जिल्ह्यातले, कानडी घरातले. १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत ते देवासला आले आणि १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत तेथेच राहिले. माळव्याची लोकगीते त्यांनी गोळा केली, कबीर गायिला आणि मराठी रसिकांनी त्यांना आपले मानले. मातृभाषेचा एकच रकाना अशा माणसाला कसा पुरावा? जी भाषा दुसऱ्यांना आपल्या घरात घेते, तिची वस्ती तक्त्यांत दिसते त्याहून मोठी असते.

२०२१ ची शिरगणती लांबली. पुढील शिरगणतीसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला आहे. त्या वेळी आईची भाषा विचारली असता ती खरी सांगावी, एवढे कर्तव्य प्रत्येक घराचे आहे. ग्रंथालयाचे कर्तव्य याहून कठीण आहे. मराठी बोलणारा परंतु देवनागरीतील हिंदीच वाचणारा नातू आजोबांच्या सभासदत्वाचा वारस व्हावा, यासाठी त्याच्या हाती पहिले मराठी पुस्तक कोणी तरी दिले पाहिजे. लिपी त्याला येतेच; अर्धी वाट तो चाललेलाच आहे. शिरगणती दहा वर्षांनी एकदा होते, ग्रंथालयाची देवघेवीची वही मात्र रोज लिहिली जाते. मराठी सांगणारे किती, हे सरकार मोजील. मराठी वाचणारे किती, हे त्या वहीतच दिसेल.